दहशतवादी आणि अणुबॉम्ब: इंदूरच्या बागेत, पोह्यांच्या गाडीवर आणि लग्नाच्या पंगतीत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकतीस वर्षं मी इंदूरच्या एका दवाखान्यात कोबाल्ट मशीनवर भौतिकशास्त्रज्ञ होतो. कॅन्सरच्या रुग्णांना किरणं देण्याचं खातं ते; आपल्याकडे त्याला सगळे ‘सिकाई’ म्हणतात, महाराष्ट्रातून आलेले ‘शेक’ म्हणतात. छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लावून नोकरी केली. आता निवृत्त आहे, राजेंद्रनगरात राहतो. टीव्हीवर लाल अक्षरांत ‘अतिरेक्यांच्या हाती अणुबॉम्ब?’ झळकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आलेली मंडळी मला गाठतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा लिहून ठेवावीत असं वाटलं. क्रम शास्त्राचा नाही. जो प्रश्न जास्त वेळा येतो तो साधारण वर.

काका, आपल्या कॅटमध्ये बॉम्ब ठेवलेत का? अतिरेकी आले तर पहिले आपणच ना?

नाहीत. कॅट म्हणजे लेसर आणि कणत्वरकांचं केंद्र. १९८४ मध्ये पायाभरणी झाली, २००५ मध्ये नाव बदलून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं. आपण अजून कॅटच म्हणतो आणि रस्ताही कॅट रोडच. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही यंत्रं आहेत. त्यांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गोल गोल फिरतात आणि त्यातून निघणाऱ्या किरणांवर देशभरचे संशोधक प्रयोग करतात. वीज तोडली की किरणं थांबली. वीज बनवणारी अणुभट्टी तिथे नाही आणि बॉम्बचं कोठारही नाही.

गैरसमजाचं मूळ बहुधा नावात आहे. रामण्णा म्हणजे १९७४ च्या पोखरण चाचणीचे एक प्रमुख शिल्पकार. पण महात्मा गांधी मार्गावर राहणारा प्रत्येक जण खादी घालतो असं थोडंच आहे!

पण दहशतवाद्यांनी ठरवलं तर स्वतः अणुबॉम्ब बनवू शकतील का?

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये एक शब्द अडकलाय: माल.

बॉम्बला दोनपैकी एक पदार्थ लागतो: भरपूर समृद्ध केलेलं युरेनियम, नाहीतर प्लुटोनियम. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, शेकडा ०.७ इतकाच असतो. बहुतेक वीजकेंद्रांना तो तीन ते पाच टक्के पुरतो. आपल्या रावतभाट्यासारख्या जड पाण्याच्या भट्ट्या तर नैसर्गिक युरेनियमवरच चालतात. वीस टक्क्यांच्या वर गेलं की ‘अतिसमृद्ध’ म्हणायचं, आणि शस्त्रासाठी नव्वदच्या आसपास. ही चढण चढायला हजारो सेंट्रिफ्यूज (प्रचंड वेगानं फिरून हलका आणि जड भाग वेगळा करणारी नळकांडी), खास पोलाद, खास पंप, अखंड वीज आणि वर्षानुवर्षं टिकणारे तज्ज्ञ लागतात. पैसा आणि फौज असलेल्या देशांनासुद्धा त्यात बरीच वर्षं गेली. प्लुटोनियम तर निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. ते अणुभट्टीत तयार होतं आणि मग जळालेल्या इंधनातून वेगळं काढावं लागतं. ते इंधन इतकं किरणोत्सर्गी, की जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनीच हाताळावं लागतं.

म्हणजे कुठलीही टोळी हा कारखाना उभारू शकत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की तयार माल तिच्या हाती लागेल का. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेबासाठी एक माप धरते: अतिसमृद्ध युरेनियमातलं २५ किलो युरेनियम-२३५, किंवा ८ किलो प्लुटोनियम. एवढा माल बेपत्ता झाला तर त्यातून बॉम्ब झालेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं समजायचं. पंचवीस किलो म्हणजे गव्हाचं अर्धं पोतं. युरेनियम शिशापेक्षाही जड, त्यामुळे आकारानं तर पाण्याच्या दोन बाटल्यांत मावेल एवढंच. मला भीती वाटते ती या आकाराची.

नेटवर म्हणे बॉम्बची कृती मिळते?

कृती वाचून पुरणपोळी जमली असती तर माझ्या बायकोला दरवर्षी होळीला माझ्यावर ओरडावं लागलं नसतं. तत्त्व १९४५ पासून जगजाहीर आहे. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, त्यातल्या जेमतेम किलोभराचंच विभाजन झालं, म्हणजे अणू फुटले, आणि तो बनवायला त्या काळचे जगातले सर्वोत्तम डोक्याचे लोक आणि एका महासत्तेची तिजोरी लागली. तत्त्व आणि वस्तू यांत धातुकाम, स्फोटकं, मोजमाप, गुप्तता आणि चुका करायला पुरेसा वेळ, एवढं सगळं येतं. तरीही ‘अशक्य’ हा शब्द मी वापरत नाही. माल हातात असेल तर चांगल्या प्रशिक्षित छोट्या गटाला ओबडधोबड का होईना काहीतरी जमेल, असं या विषयात आयुष्य घालवलेले काही जण म्हणतात. काही जण ते मानत नाहीत. माल मिळू द्यायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

मग तो माल जगात आहे तरी किती, आणि आजवर चोरीला गेलाय का?

अतिसमृद्ध युरेनियम हजार टनांच्या वर आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम पाचशे टनांच्या वर. बहुतेक सगळं अण्वस्त्रधारी देशांच्या ताब्यात, त्यातही रशिया आणि अमेरिकेकडे सर्वाधिक.

चोरीबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. ती रशियातली असली तरी आपल्या सराफ्यातल्या माणसाला लगेच कळते.

१९९२ साल. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता, पगार वेळेवर नव्हते, महागाई आकाशाला भिडलेली. मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क गावातल्या एका अणुसंस्थेत एक रसायन अभियंता काम करत होता. वर्षानुवर्षांच्या अनुभवानं त्याला ठाऊक होतं, की प्रक्रियेत थोडा माल वाया गेला तर हिशेबात तो ‘घट’ म्हणून धरतात. सोनार दागिना घडवताना धरतो तशीच. काम काटकसरीनं केलं तर घट कमी येते. पण वहीत मात्र पूर्ण घट लिहायची, आणि वाचलेला माल खिशात. काही महिन्यांत त्यानं थोडं थोडं करून जवळजवळ दीड किलो, नव्वद टक्के समृद्ध युरेनियम घरी नेलं आणि बाल्कनीत ठेवलं. त्याला ना बॉम्ब करायचा होता ना क्रांती. नवा फ्रिज आणि गॅसची शेगडी घ्यायची होती. पकडला गेला तोही योगायोगानं: स्टेशनवर त्याच्या सोबतचे ओळखीचे लोक बॅटऱ्या चोरल्याच्या संशयावरून पोलिसांना हवे होते, त्यांच्याबरोबर हाही सापडला. संस्थेच्या वहीप्रमाणे एक ग्रॅमसुद्धा कमी नव्हता.

सराफ्यात दुकानासमोरची धूळ झाडून नेणारे आणि ती धुऊन सोनं काढणारे झारेकरी असतात. घटीतलं सोनं जातं कुठे, हे सोनारापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. अणुसंस्थांकडे तेव्हा झारेकरी नव्हते.

त्यानंतरही माल सापडत राहिला. १९९४ मध्ये म्युनिकच्या विमानतळावर मॉस्कोहून आलेल्या विमानात ३६० ग्रॅमच्या वर प्लुटोनियम, त्याच वर्षी डिसेंबरात प्रागमध्ये एका गाडीत २.७ किलो अतिसमृद्ध युरेनियम. २००६ मध्ये जॉर्जियात एक जण शंभरेक ग्रॅम विकायला आला होता. बहुतेक प्रकरणांत विकणारा खरा, माल खरा, आणि गिऱ्हाईक म्हणून समोर बसलेला पोलीस! खरं गिऱ्हाईक किती वेळा समोर आलं आणि कुणाला कळलंच नाही, याचा हिशेब कुणाकडेच असू शकत नाही. मला बोचतं ते हेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही टीव्हीवाल्यांसारखाच. १९९४ मध्ये कझाकस्तानातल्या एका कारखान्यातून जवळजवळ ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम अमेरिकेनं कझाक सरकारच्या संमतीनं गुपचूप उचलून नेलं. १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत रशियानं मोडलेल्या शस्त्रांतलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकी वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकलं. वीस हजार बॉम्बांचा माल त्या लोकांच्या दिव्यांत जळून गेला. २००४ मध्ये एका नामवंत अमेरिकी प्राध्यापकानं लिहिलं होतं, की हेच धोरण चालू राहिलं तर पुढच्या दहा वर्षांत अणुहल्ला होण्याचीच शक्यता जास्त. वीस वर्षं उलटून गेली, झाला नाही. काही जण त्यांना हसतात. मी हसत नाही. देवीची लस टोचल्यावर देवी आली नाही म्हणून टोचणाऱ्याला कोण हसतं?

चोरीसाठी फौज लागत असेल ना? एवढे पहारे असतात.

२०१२ च्या जुलैत अमेरिकेत ओक रिज इथे, जिथे त्यांचं अतिसमृद्ध युरेनियम साठवलेलं असतं, तिथे रात्री तीन शांततावादी कुंपणं कापत आत गेले आणि कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले. त्यांच्यातली एक ८२ वर्षांची नन होती. भिंतीवर घोषणा लिहिल्या आणि पहारेकरी येईपर्यंत उभे राहिले. धोक्याची घंटा वाजली होती, पण ती उगाचच वाजते याची सगळ्यांना सवय झाली होती.

दक्षिण आफ्रिकेतलं प्रकरण इतकं गमतीचं नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पेलिंडाबा अणुकेंद्रात दोन सशस्त्र टोळ्या दोन बाजूंनी शिरल्या. एका टोळीनं विजेचं कुंपण निकामी केलं, नियंत्रण कक्ष गाठला, एका कर्मचाऱ्याला गोळी घातली आणि निघून गेली. त्या केंद्रात बॉम्बयोग्य युरेनियम होतं. ते कशासाठी आले होते हे आजही उलगडलेलं नाही.

आणि आतला माणूस फितूर असेल तर पहारा काय करणार? २०१४ मध्ये बेल्जियमच्या डूल केंद्रात कुणीतरी आतल्याच माणसानं झडप उघडून टर्बाईनचं सगळं तेल सोडून दिलं. भट्टी कित्येक महिने बंद राहिली. आपल्याकडे २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असलेलं जड पाणी ओतलं आणि पन्नासच्या वर कामगारांच्या लघवीत ते सापडलं. कुणी दगावलं नाही. पण विचार करा, किल्ली असलेल्या माणसानंच ते केलं होतं.

पाकिस्तानातून तयार बॉम्बच पळवला तर?

हा प्रश्न कारगिलनंतर जास्त येऊ लागला, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याला माझ्या तोंडून फक्त ऐकायचं असतं. म्हणून जरा बेतानं सांगतो.

तयार बॉम्ब पळवणं ही कल्पना सिनेमाला बरी. पाकिस्तानात शस्त्रांसाठी स्वतंत्र लष्करी विभाग आहे, हजारोंचा पहारा आहे, आणि शांततेच्या काळात स्फोटकाचा गाभा आणि क्षेपणास्त्र वेगवेगळं ठेवतात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पळवलेला बॉम्ब उडवायला संकेतही हवेत. पण काळजीच्या जागा खऱ्या आहेत. कराचीच्या मेहरान नौदल तळावर २०११ मध्ये अतिरेकी घुसले तेव्हा आतून मदत झाल्याचा संशय त्यांच्याच लोकांनी घेतला. त्याच वर्षी चाचणी झालेलं, तेव्हा साठ किलोमीटर पल्ल्याचं ‘नस्र’ क्षेपणास्त्र रणांगणासाठी आहे. अशी शस्त्रं तणावाच्या वेळी कोठारातून निघून रस्त्यावर येतात, आणि रस्ता म्हणजे कोठार नव्हे.

त्याहून मोठी काळजी माणसांची. ऑगस्ट २००१ मध्ये, न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या थोडे दिवस आधी, पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमातून निवृत्त झालेले सुलतान बशीरुद्दीन महमूद आणि त्यांचे एक सहकारी अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनला भेटले. बोलणं अणुबॉम्बवर झालं. लादेनकडे माल नव्हता, गोष्ट तिथेच थांबली. आणि अब्दुल कादीर खान यांनी तर दुकानच मांडलं होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेल्या ‘बीबीसी चायना’ या जहाजावर सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये खान यांनी टीव्हीवर कबुली दिली. त्यांची गिऱ्हाइकं देश होती: लिबिया, इराण, उत्तर कोरिया. टोळीला सेंट्रिफ्यूज विकत घेऊन उपयोग नव्हता, म्हणून आपण वाचलो; दुकानदाराच्या सचोटीमुळे नव्हे.

कुणी खरोखर प्रयत्न केलाय का?

जपानच्या ओम शिनरिक्यो पंथानं. त्यांच्याकडे अमाप पैसा होता, विद्यापीठातून शिकलेले शास्त्रज्ञ होते, पश्चिम ऑस्ट्रेलियात युरेनियमच्या आशेनं घेतलेलं मेंढपाळीचं प्रचंड मोठं रान होतं, रशियात अनुयायी होते. अणुबॉम्ब काही जमला नाही. मग रसायनाकडे वळले आणि २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला. चौदा जण गेले. त्यातली शेवटची बाई पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. ज्याच्याकडे पैसा, डोकं आणि वेळ असं सगळं होतं त्यालाही बॉम्ब जमला नाही, हे मी घाबरलेल्या माणसाला सांगतो. जो अगदीच निश्चिंत असतो त्याला मी ऑस्ट्रेलियातलं ते रान सांगतो.

‘डर्टी बॉम्ब’ म्हणजे छोटा अणुबॉम्बच ना?

नाही, आणि हा फरक कळला तर निम्मी भीती जाते. अणुबॉम्बमध्ये अणूचं विभाजन होऊन शहर जातं. डर्टी बॉम्ब म्हणजे साध्या स्फोटकाबरोबर किरणोत्सर्गी पदार्थ उडवणं. विभाजन वगैरे काही नाही. मरतात ती माणसं बहुधा स्फोटानंच, जवळ उभी असलेली. धूळ पसरते, ती काही गल्ल्यांची, फार तर काही मोहल्ल्यांची. पण तो मोहल्ला धुवायला महिने लागतात, दुकानं ओस पडतात, आणि ‘त्या भागातला आहे’ एवढ्यावरून सोयरिकी मोडतात.

असा स्फोट आजवर कुठेच झालेला नाही. १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझ्माइलोव्हो बागेत सीझियम या किरणोत्सर्गी पदार्थाचं पुडकं पुरून टीव्हीवाल्यांना जागा कळवली. उडवलं नाही. नुसतं दाखवलं. त्यांना कळलं होतं, की इथे पदार्थापेक्षा बातमी जास्त लांब जाते.

परिणाम काय होतो ते पाहायचं तर दहशतवादी नसलेली एक घटना पाहा. ब्राझीलमधलं गोयानिया, सप्टेंबर १९८७. एक किरणोपचाराचं क्लिनिक दुसरीकडे गेलं आणि जुनं सीझियमचं मशीन पडक्या इमारतीत तसंच सोडून गेलं. दोघांनी ते भंगार म्हणून उचललं. उचकटताना कुपी फुटली आणि ते सगळं कबाड्याकडे पोचलं. आतली पावडर अंधारात निळी चमकत होती. त्यानं ती पाहुण्यांना दाखवली, वाटली. लोकांनी अंगाला लावली. एका सहा वर्षांच्या मुलीनं ती हाताला लागलेली असतानाच जेवण केलं. चार जण गेले, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात तो पदार्थ सापडला, आणि एक लाखाच्या वर लोक तपासणीसाठी स्टेडियमवर रांगेत उभे राहिले. त्या मुलीला पुरायला नेलं तेव्हा लोकांनी अडवलं, दगड मारले. सगळा पदार्थ शंभर ग्रॅमच्या आतला होता.

भोपाळच्या वेळी इंदुरात असलेल्यांना हे समजायला वेळ लागत नाही. १९८४ च्या त्या डिसेंबरात उरलेला वायू शास्त्रज्ञ सुरक्षितपणे संपवणार, असं सरकारनं जाहीर केलं, तर लाखो लोक पुन्हा भोपाळ सोडून निघाले. चुकलं कुणाचं? पहिल्या रात्री ज्यांना कुणीच काही सांगितलं नाही, ते दुसऱ्या वेळी कशाला विश्वास ठेवतील?

भारतात असं काही झालंय का?

दहशतवादी नाही, पण पदार्थ भंगारात गेल्याचं झालंय. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं वर्षानुवर्षं न वापरलेलं एक प्रयोगशाळेतलं यंत्र लिलावात काढलं. आत कोबाल्ट-६० होतं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं, तिथे कापलं गेलं, तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. एक कामगार गेला, कित्येक जण भाजले. एकानं तर तुकडा पाकिटात घालून ठेवला होता. लिलावाच्या कागदावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाच आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, कारण ज्यांना ठाऊक होतं ते निवृत्त झाले होते.

तुमच्या दवाखान्यातूनही चोरी होऊ शकते?

कोबाल्टचा उगमस्रोत म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पोलादी कुपी. ती मशीनच्या डोक्यात, शिशाच्या किंवा टंगस्टनच्या जाड कवचात असते. डोकंच टनाच्या हिशेबात. उघड्या कुपीजवळ गेलेला चोर विकायला बाजारापर्यंत पोचणार नाही. २०१३ मध्ये मेक्सिकोत चोरांनी एक ट्रक पळवला. त्यांना ट्रक हवा होता, आत कोबाल्ट निघालं. पेटी उघडून टाकून दिलेली दोन दिवसांत शेतात सापडली.

पण माझा स्वतःचा किस्सा सांगतो. मी ज्या दवाखान्यात होतो, तिथलं नाव नको, तिथे रुजू झालो तेव्हा कोठीच्या खोलीत फाटक्या गाद्यांमागे शिशाचा एक डबा होता. वर पिवळा कागद, त्यावर तीन पाकळ्यांची खूण, अक्षरं पुसलेली. कोठीवाल्यानं सांगितलं, ‘वो तो जब से हम आए तब से है साहब.’ दरवाजा उघडा राहू नये म्हणून कुणी कुणी तो टेकणीला वापरत. मोजला, आत रेडियमच्या सुया निघाल्या. जुन्या काळी गर्भाशयाच्या कॅन्सरला त्या वापरत. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षं. म्हणजे अहिल्याबाईंच्या काळात ठेवल्या असत्या तरी आज जवळजवळ तेवढ्याच तेज. वहीत नोंद नाही. ज्यांनी आणल्या ते डॉक्टर देवाघरी. त्या सुया नियमाप्रमाणे मुंबईला रवाना करायला मला चौदा महिने लागले, आणि त्यातले अकरा तरी ‘ही वस्तू आपली आहे’ हे कुणाकडून तरी लिहून घेण्यात गेले. बेवारस मुलाचं नाव लावायला कुणी पुढे येत नाही तसंच ते.

आता अणुऊर्जा नियामक परिषदेचा कारभार संगणकावर आहे. प्रत्येक स्रोताची नोंद असते, आणि स्रोत थकला की पुरवठादाराकडे परत पाठवावा लागतो. हे चांगलंच आहे. पण इंदूरजवळच्या पिथमपूरला २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या वायुकांडातल्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा आला तेव्हा लोकांचा जो विरोध पेटला, तो पाहताना मला तोच डबा आठवला. चाळीस वर्षं एखादी वस्तू कुणाचीच नसली की ती शेवटी सगळ्यांच्या दारात येते.

चोइथराम मंडीत कांद्या-बटाट्यावर किरणं मारतात म्हणे. तिथूनही धोका?

तिथून धोका कमीच झालाय! लासलगावला कांदा टिकवायचा प्रकल्प उभा राहिला तो कोबाल्टवर. कोबाल्ट सतत किरणं सोडत राहतं, रात्री कुलूप लावल्यावरही. आपल्या मंडीच्या आवारात कॅटनं बसवलंय ते इलेक्ट्रॉनचं यंत्र: बटण बंद, किरणं बंद. चोरून न्यायला आत काहीच नाही, जुनं झालं तर लोखंड म्हणून विका. दवाखान्यांतही कोबाल्टच्या जागी लिनॅक, म्हणजे विजेवर चालणारी किरणयंत्रं, आले ते उपचार बारकाईनं होतात म्हणून, पण चोरण्याजोगी वस्तूच उरली नाही हा फायदा फुकटात पदरात पडला. दहशतवादाविरुद्धची सर्वांत निवांत लढाई मी पाहिली ती ही. यावर टीव्हीवर चर्चा होत नाही.

आणि किरणं दिलेला कांदा किरणोत्सर्गी होत नाही. टॉर्च मारून भिंत उजळत राहते का?

पेपरात येतं, ‘कोट्यवधींचं युरेनियम पकडलं’. ते काय असतं?

बहुतेक वेळा नैसर्गिक किंवा क्षीण (कामाचा भाग काढून घेतलेलं) युरेनियम, नाहीतर शुद्ध थाप. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या एटीएसनं सात किलो युरेनियम पकडलं, किंमत एकवीस कोटी लिहून आली. ते नैसर्गिक युरेनियम होतं. बॉम्बच्या दृष्टीनं तो ज्वारीचा ढीग, दारू गाळायला अजून कारखाना हवा. प्रश्न एवढाच, की ते बाहेर आलं कसं, आणि तो मात्र गंभीरपणे विचारायला हवा. २०२४ मध्ये बिहारात ‘साडेआठशे कोटींचं कॅलिफोर्नियम’ सापडलं. तपासल्यावर त्यात किरणंच नव्हती.

याच बाजारातली इंदूरकरांची खास आवड म्हणजे ‘राइस पुलर’. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, आत म्हणे इरिडियम, परदेशी शास्त्रज्ञ कोटीच्या कोटी देणार, त्याआधी तपासणीच्या खास पोशाखासाठी तुम्ही लाखभर रुपये द्या. माझ्याकडे आजवर चौघे सल्ला घ्यायला आले. तिघांनी आधीच पैसे दिले होते. चौथा मला भागीदारी द्यायला आला होता!

यावर काही कायदा-बियदा आहे की नाही?

आहे. खान प्रकरणानंतर एप्रिल २००४ मध्ये सुरक्षा परिषदेनं १५४० क्रमांकाचा ठराव केला: प्रत्येक देशानं आपल्या घरी असा कायदा करायचा, की टोळ्यांना ही शस्त्रं किंवा त्यांचा माल देणं गुन्हा ठरेल. भारतानं २००५ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी अणुदहशतवादाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात आहे. २०१० ते २०१६ या काळात जगातल्या नेत्यांच्या चार अणुसुरक्षा परिषदा झाल्या, शेवटच्या परिषदेला रशिया आलाच नाही, आणि तेव्हापासून तो उत्साह ओसरलाय. कागद भरपूर आहे. तपासणीचा अधिकार मात्र कुणाला फारसा नाही, कारण कुठलाही देश दुसऱ्याला आपलं कोठार दाखवत नाही.

समजा राजवाड्यावर डर्टी बॉम्ब फुटला. काय करायचं?

धूळ अंगावर आणि पोटात जाऊ द्यायची नाही, एवढंच लक्षात ठेवा. नाकातोंडावर ओला नाही तर कोरडा रुमाल, ओढणी, पंचा, काहीही. जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा; खिडक्या, कूलर, एसी बंद. बाहेरचे कपडे दारातच काढून पिशवीत बांधा. अंगावरच्या धुळीचा बहुतेक भाग तिथेच जातो. मग साबणानं आंघोळ, घासूनपुसून कातडी सोलायची नाही. उघड्यावरचं खाऊ नका. ११२ लावा आणि गाडी काढून सुपर कॉरिडॉरकडे पळू नका; सगळे तेच करतील आणि सगळे धुळीत अडकतील.

आयोडीनच्या गोळ्या शोधत फिरू नका. त्या फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून, फक्त थायरॉइड वाचवतात. सीझियम-कोबाल्टवर त्यांचा उपयोग शून्य. २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनवालं मीठ पोत्यांनी भरलं होतं. आपल्याकडे ती वेळ आली तर सियागंजात मिठाचा भाव काय होईल ते मी सांगायला नको.

मोबाईल टॉवर, गॅसबत्तीची जाळी, धूर ओळखणारं यंत्र, हे सगळं किरणोत्सर्गी असतं का?

टॉवर नाही. गॅसबत्तीच्या जाळीत थोरियम असतं, वरातीत ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसालाही त्याचा त्रास नगण्य. फक्त जळकी जाळी तोंडाने फुंकू नका. काही धूरयंत्रांत कणभर अमेरिशियम असतं. आणि हो, आपण माळव्याच्या काळ्या दगडावर राहतो, त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा खूप कमी. स्वयंपाकघराच्या ओट्याला दक्षिणेतून ग्रॅनाइट आणून बसवणाऱ्यांनी मला टॉवरबद्दल विचारू नये.

आपण सामान्य माणसं यात काय करणार?

मी काय केलं ते सांगतो. तीन पाकळ्यांची ती खूण, आणि त्याबरोबर २००७ मध्ये आलेली नवी लाल खूण, जिच्यात कवटी आणि पळणारा माणूस आहे, अशा दोन्ही एका कागदावर मोठ्या छापून घेतल्या. खाली हिंदीत लिहिलं: असं चित्र असलेला, आकाराच्या मानानं फार जड डबा आला तर कापू नका, दूर व्हा, पोलिसांना कळवा. आमच्या गल्लीत येणाऱ्या कबाड्याला एक दिला, आणि लोहा मंडीत तो ज्याला माल विकतो त्याच्यासाठी पाच.

त्यानं कागद उलटसुलट पाहिला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘बाबूजी, पुलिस को बताएँगे तो माल के पैसे कौन देगा?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुणाला ठाऊक असेल तर कळवा, तो दर रविवारी येतो.